गुरुजींची गाडी अडली

"...पण मला का नाही, उस्ताद?"

इलाही उस्तादांनी चहाची बशी ओठाला लावली होती. ती तिथंच थांबली.

"काय तुला का नाही?"

"मशीन. त्या रेवणला दिलंत. मला का नाही दिलं?"

उस्तादांनी उरलेला चहा संपवला. बशी कपाखाली ठेवली. मिशी पुसली...

"श्रीपती, गुरुजींच्या गाडीचं काय झालं?"

झालं! हे असं नेहमीचं. श्रीपतीनं पोटातलं विचारायचं आणि उस्तादांनी गॅरेजातलं सांगायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि श्रीपतीला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. कारण आता गॅरेजात रेवण होता.

मिरजेतून जतकडं जाणारा रस्ता गाव सोडतो तिथं डाव्या हाताला पत्र्याची एक लांब शेड आहे. इलाही उस्तादांचं गॅरेज. इथं इंजिन खोलत नाहीत, पंक्चर काढत नाहीत. इथं फक्त वायरिंग. ज्या गाडीपुढं बाकीच्यांनी हात टेकले ती ढकलत इथं आणायची, असा त्या भागातला रिवाज. दारात एका जुन्या ट्रकचं सीट टाकलेलं असे. त्यावर उस्ताद बसत, आणि त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बसत नसे.

उस्तादांची कामाची पद्धत बघून नवं गिऱ्हाईक हसायचं. कारण उस्ताद आधी काहीच करत नसत. गाडीत जाऊन बसायचे. दोन्ही हात मांडीवर. चावी एकदा फिरवायचे, समोरच्या दिव्यांकडं बघायचे, आणि पुन्हा हात मांडीवर. गिऱ्हाईक बाहेर चुळबुळत असायचं. मग कधीतरी उस्ताद उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि नेमक्या एका वायरला हात घालायचे.

"आधी बस," ते सांगायचे. "गाडी स्वतःच सांगती. तू बोलायला लागलास की ती गप्प बसती."

श्रीपती हे शिकला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. आता मिशीत पांढरे केस दिसायला लागले होते. सकाळी शटर तो उघडायचा, संध्याकाळी तो लावायचा. उस्तादांना चष्मा लागला तेव्हा त्यांचा चष्मा सापडायचा तो श्रीपतीलाच. उस्तादांचे हात थरथरायला लागले तेव्हा वायरींना डाग देण्याचं, सोल्डरिंगचं बारीक काम न सांगता त्यानं आपल्याकडं ओढून घेतलं. आणि बसायचं म्हणाल तर श्रीपती उस्तादांपेक्षाही जास्त वेळ बसायचा. कुठल्याही गाडीत बसल्याशिवाय त्यानं कधी वायरला हात लावला नव्हता.

मागच्या दिवाळीनंतर रेवण आला. कवठेमहांकाळकडचा, आयटीआय शिकलेला, बोलका, हसरा. श्रीपतीला अण्णा म्हणायचा. आल्या आल्या गॅरेजातल्या सगळ्यांना आवडला, आणि त्याच दिवसापासून श्रीपतीच्या डोळ्यात खुपायला लागला.

रेवणनं काही सांगितलं की उस्ताद खळखळून हसायचे. आपण सांगितलेल्या कशाला उस्ताद असे हसले होते, हे श्रीपती आठवू लागला. आठवेना. एकदा उस्तादांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी रेवणच्या हातावर ठेवली. त्या दिवशी श्रीपती जेवलाच नाही. बायकोनं संध्याकाळी भरलेला डबा बघून विचारलं, तर म्हणाला, भाजी खारट होती. त्यावर घरात निराळंच भांडण लागलं.

आणि मग ते मशीन आलं. हल्लीच्या गाड्यांना जोडलं की कुठं काय बिघडलंय ते पडद्यावर लिहून दाखवणारं. स्कॅनर. लाल रबराच्या कव्हरातलं. उस्तादांनी ते पुण्याहून मागवलं, खोकं सगळ्यांसमोर फोडलं, आणि उचलून ठेवलं कुणाच्या हातात? रेवणच्या.

श्रीपती मागं नळावर गेला आणि धुतलेले हात परत धूत बसला.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्यानं गिळलं असतं. पण उस्तादांनी घरात सांगून टाकलं होतं की या रमजाननंतर मी गॅरेजात येणार नाही, घरी बसणार. ही बातमी बाजारात फिरली. चहावाला विचारायचा, पार्टवाला विचारायचा, 'मग त्या सीटवर कोण?' विचारताना ते श्रीपतीकडं बघायचे आणि मग त्यांची नजर हळूच रेवणच्या हातातल्या लाल कव्हराकडं जायची. श्रीपतीला ते सीट पाहिजे होतं. उस्तादांच्या तोंडून आपलं नाव पाहिजे होतं. त्यापायी आज शुक्रवारी, उस्ताद नमाजला निघायच्या आधी, त्यानं धीर करून विचारलं होतं.

आणि उस्ताद विचारत होते गाडीचं!

"रेवण बघतोय," श्रीपती म्हणाला. "त्याच्या मशीनला विचारतोय."

"मग तू बी बघ."

"मी कशाला?"

उस्तादांनी टोपी घातली, चपला शोधल्या. श्रीपतीनं त्या पायानं पुढं सरकवल्या. नेहमी तो हातानं ठेवायचा.

उस्तादांनी ते बघितलं. चपला घातल्या... गेले.

गाडी होती कोळेकर गुरुजींची. पांढरी. काल ती स्वतःच्या पायानं आली होती, मागचा दिवा लागत नाही एवढीच तक्रार घेऊन. गुरुजींनी दोन्ही चाव्या दिल्या होत्या, कारण जादाच्या चावीतला सेलही बदलायचा होता. ही दोन्ही कामं रेवणनं केली आणि गाडी शेडमध्ये लावली. आज सकाळी बघतात तर गाडी चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर धरल्यासारखं करतं आणि मरतं. समोर चावीचं चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकतो.

हा दिवा गॅरेजात सगळ्यांना माहीत होता. हल्लीच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. चावी लावायच्या जागेभोवती एक कडं असतं, ते चिपला ओळख विचारतं. ओळख पटली तर इंजिन चालू राहतं. नाही पटली तर गाडी समजते की हा चोर आहे, आणि इंजिन बंद पाडते. गुरुजींची गाडी आज सगळ्या गॅरेजाला चोर समजत होती.

रेवणनं फ्यूज बघितले. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. ही चावी लावली, ती चावी लावली. मशीन जोडलं. मशीननं लिहून दाखवलं, चावी ओळखू येत नाही.

"ते तर दिवा बी सांगतोय की," श्रीपती लांबूनच म्हणाला.

रेवणचा चेहरा उतरला. काल या गाडीच्या वायरिंगला त्याचाच हात लागला होता. "माझ्याच हातनं कायतरी झालंय, अण्णा," तो म्हणाला. श्रीपतीच्या मनात लाडू फुटले.

दुपारी रेवण नवी रिले, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी डबी, आणायला गावात गेला. बाकीचे जेवायला गेले. शेडमध्ये श्रीपती एकटाच राहिला, आणि ती पांढरी गाडी.

तो बसणार नव्हता. अगदी ठरवलं होतं त्यानं. पण बंद पडलेली गाडी समोर आणि आपण बाहेर, हे त्याला कधी जमलंच नव्हतं. दार उघडून तो आत बसला. हात मांडीवर ठेवले. चावी फिरवली. लाल दिवा लुकलुकला, इंजिन मेलं. पुन्हा हात मांडीवर.

शांत होतं. पत्रा तापून मधूनच वाजत होता.

त्यानं पुन्हा चावी फिरवली. त्याच्या बोटाला तारेचं टोक टोचलं.

ही तार म्हणजे या गॅरेजाचा कायदा. पूर्वी कधी एका वरातीच्या जीपची जादाची चावी इथं हरवली, मूळ चावी नवरदेवाच्या मामानं भलतीकडं नेली, आणि नवरदेव ट्रॅक्टरवर बसून मांडवात गेला. तेव्हापासून उस्तादांनी नियम घातला. एका गाडीच्या जेवढ्या चाव्या असतील तेवढ्या तांब्याच्या तारेनं घट्ट एकत्र बांधायच्या आणि मग खिळ्याला अडकवायच्या. तार सोडायची ती गाडी मालकाच्या ताब्यात देतानाच. हल्लीच्या गाड्यांबरोबर सहसा एकच चावी यायची. काल रात्री रेवणनं गुरुजींच्या दोन्ही चाव्या तशाच बांधल्या होत्या, डोक्याला डोकं लावून, आणि सकाळपासून तार न सोडताच त्या लावून बघत होता.

श्रीपतीनं टोचणारं टोक बाजूला केलं. ते परत टोचलं. वैतागून त्यानं तार उलगडली, दुसरी चावी बाजूच्या सीटवर टाकली आणि पहिली फिरवली.

गाडी चालू झाली.

दिवा विझला. इंजिन मऊ, एका लयीत चालत राहिलं. श्रीपती त्या चावीकडं बघत राहिला आणि मग सीटवरच्या दुसरीकडं... आणि त्याला कळलं. दोन्हींच्या डोक्यात चिप. दोघी एकाच वेळी आपापली ओळख सांगायच्या. कड्याला धड एकीचंही ऐकू येत नव्हतं.

इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. कुणाला तरी सांगावं म्हणून त्यानं तोंडही उघडलं. "रेवण!" ही हाक अगदी ओठावर आली होती. खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्याला रेवणच आठवला होता. पोरगा सकाळपासून घामाघूम होऊन झटत होता.

मग त्याची नजर समोर गेली. काचेपलीकडं, बॉनेटवर, लाल कव्हरातलं मशीन ठेवलेलं होतं.

श्रीपतीनं गाडी बंद केली.

दुसरी चावी उचलली. पहिलीच्या डोक्याला डोकं लावलं. तार गुंडाळली आणि पिळली... एक पीळ, वर आणखी एक पीळ. टोक आत दाबलं, टोचू नये म्हणून. उतरला, दार हळूच लावलं, आणि नळावर जाऊन जेवायला बसला. आज डबा सगळा संपला.

ऊन कलायच्या आत कोळेकर गुरुजी आले. रिक्षातून. हातात पिशवी, पिशवीतून धोतराचं टोक बाहेर आलेलं.

"झाली का गाडी?"

"होतीया गुरुजी, बसा," रेवण गाडीखालून म्हणाला. "अर्ध्या तासात देतो."

गुरुजी बाकावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. श्रीपतीनं त्यांना पाणी दिलं.

"जतला जायचंय," गुरुजी म्हणाले. "आमची आक्का आहे तिथं. सकाळपासून माझं नाव घेतीये म्हणे. डॉक्टरांनी सांगितलंय..." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्कानंच मोठं केलं मला."

"एस्टीनं का नाही गेलात?"

"जाणार होतो. तुमचा रेवण म्हणाला, दुपारपर्यंत गाडी देतो. म्हणून दुपारची सोडली. आता पुढची थेट संध्याकाळी."

श्रीपतीनं तांब्या उचलला. त्याला वाटलं, आत्ता जावं आणि तार सोडावी. अगदी वाटलं. पण उस्ताद आले नव्हते. नमाजनंतर ते व्याह्यांकडं जाऊन येणार होते. आत्ता गाडी चालू केली तर बघणार कोण? हा बाकावरचा म्हातारा आणि रेवण. आणि रेवण उद्या हसत हसत उस्तादांना सांगणार, 'आम्ही दोघांनी मिळून केली.' उस्ताद खळखळून हसणार.

थोडा वेळ. उस्ताद येईपर्यंत फक्त.

रेवणनं नवी रिले बसवली. दिवा लुकलुकला, इंजिन मेलं. त्यानं कड्याची वायर तपासली, मशीन परत जोडलं, काढलं, परत जोडलं. शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी तो श्रीपतीपुढं येऊन उभा राहिला.

"अण्णा, तुम्ही एकदा बसून बघा की."

"मशीन तुझ्याकडं हाय," श्रीपती म्हणाला. "मी काय बघू?"

"असं काय बोलताय, अण्णा..."

"न्हाई न्हाई, तुझं चालू दे."

बोलताना त्याला गोड वाटलं. अगदी जिभेवर गोड.

बाकावर गुरुजींचा फोन वाजला.

"हां... हां, निघालो गं. निघालो, निघालो. रस्त्यातच आहे मी." गुरुजींनी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघितलं. "तिला सांग, दादू येतोय म्हणावं. तिच्या कानात सांग."

फोन ठेवला. पिशवीतून बाहेर आलेलं धोतराचं टोक आत खुपसलं. ते पुन्हा बाहेर आलं.

श्रीपतीनं रस्त्याकडं मान फिरवली. तोही वाट बघत होता. उस्ताद का येत नव्हते? त्याला उस्तादांचा राग आला, व्याह्यांचा आला, रेवणचा तर होताच. एकट्या स्वतःचा तेवढा आला नाही.

आणि उस्ताद आले. सावकाश, काठी टेकत. गुरुजींना नमस्कार करून त्यांच्याशेजारी बाकावर टेकले. गुरुजींनी सगळं सांगितलं. उस्ताद ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा काळवंडला.

"रेवण?"

"जमंना, उस्ताद." रेवण रडायच्या बेतात होता. "माझीच चूक हाय. कालच्या कामात कायतरी..."

आत्ता. श्रीपती उठला.

ऐटीत चालत गेला तो. रेवणच्या हातातून चाव्या घेतल्या. गाडीच्या उघड्या दारात उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा. तार उलगडली. एक चावी गुरुजींच्या हातात दिली. दुसरी, दारातूनच आत वाकून, लावली आणि फिरवली.

गाडी चालू झाली. दिवा विझला.

रेवणनं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

"तार! अरे देवा, ती तार!"

"दोन चिपा एकमेकींला चिकटलेल्या," श्रीपती म्हणाला. आवाज मुद्दाम सहज ठेवला होता. "गाडीला कळंना, कुणाचं ऐकायचं."

"अण्णा!" रेवण खरोखरच त्याच्या पायाशी वाकला. उठला तेव्हा तोंडभर हसत होता. ना राग, ना लाज. "मशीनला दिसलं न्हाई आणि तुम्ही नुसतं बघून सांगितलं! मला शिकवा, अण्णा. हे शिकवाच मला."

श्रीपतीला ते आवडलं नाही. त्याला रेवण हरलेला पाहिजे होता.

गुरुजींनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हाताऱ्याचे हात गार पडले होते.

"देवासारखा भेटलास रे बाबा." त्यांनी ते हात कपाळाला लावले. "देवासारखा..."

"निघा गुरुजी," श्रीपती घाईनं म्हणाला. "उशीर होईल."

गाडी जतच्या रस्त्याला लागली. धूळ उडाली, खाली बसली.

उस्ताद ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग आपल्या सीटवर येऊन बसले. रेवणला चहा सांगायला पाठवलं. शेडमध्ये दोघंच उरले.

"सकाळी काय विचारत होतास?"

श्रीपती सीटजवळ सरकला.

"ते... मशीनचं, उस्ताद."

"हां." उस्तादांनी गुडघा चोळला. "रेवणला कमी ऐकू येतं."

"रेवणला?"

"गाडीचं. गुणी पोरगा हाय, पण गाडी बोलती ते त्याला ऐकू येत न्हाई. कमी ऐकू येणाऱ्याला डॉक्टर कानात मशीन देतो का न्हाई? तसं दिलं त्याला." त्यांनी मान वर केली. "तुला कशाला देऊ? तुझे कान शाबूत हायत."

ज्या लाल कव्हरापायी श्रीपतीनं रात्री तळमळून काढल्या, मनातल्या मनात स्वतःला जाळलं, ते कानातलं मशीन होतं! त्याला हसू आलं. रडूही आलं. हे आधी सांगितलं असतं तर...

"उस्ताद, मला वाटलं तुम्ही त्याला..."

"मी बाजारात काही बोललो होतो का?"

"न्हाई."

"मग?"

श्रीपतीनं मान खाली घातली.

उस्ताद काठी टेकून उठले. सीटवरची धूळ रुमालानं झटकली.

"बस."

"उस्ताद?"

"बस इथं. रमजाननंतर बसायचंय, त्याच्या आधी सवय होऊ दे."

"तुम्ही उभे आणि मी..."

"बस म्हणतो ना."

श्रीपती बसला. सीटची स्प्रिंग त्याच्या वजनानं कुरकुरली. इथून सगळी शेड दिसत होती, सगळ्या गाड्यांची तोंडं दिसत होती, आणि रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याला जे पाहिजे होतं ते हेच. त्याचे डोळे भरून आले. बाजारातले सगळे आत्ता इथं असायला पाहिजे होते, असं त्याला वाटलं.

उस्ताद त्याच्यासमोर उभे होते. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं.

"तू गाडीत बसला न्हाईस, श्रीपती."

"कधी?"

"आत्ता. गुरुजींच्या."

श्रीपतीच्या डोळ्यातलं पाणी आहे तिथंच थांबलं.

"दारात उभा राहिलास. दिवा बघितला न्हाईस, चावी फिरवून बघितली न्हाईस. सरळ तारेला हात घातलास." उस्ताद अगदी हळू बोलत होते. रागाचा लवलेश नव्हता. "पोरगा होतास तेव्हापासून बघतोय तुला. बसल्याशिवाय तू हात लावत न्हाईस."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला...

"गुरुजी कधीपासून बसले होते बाकावर?"

श्रीपती उठायला लागला. उस्तादांचा हात त्याच्या खांद्यावर आला. हात थरथरत होता, पण त्यानं श्रीपतीला परत खाली बसवलं.

"बसून राहा. सीट तुझंच हाय."

"उस्ताद, मी..."

"त्या गाडीत चोराला अडवायचं यंत्र बसवलेलं असतं म्हणतात. खरं हाय का?"

"...होय, उस्ताद."

"मग त्यानं तुला कसं सोडलं?"